दादाच्या नाकावर टिच्चून

वडील जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि दादा त्यांचा रेडिओ-सेट न्यायला टेम्पो घेऊन दारात हजर.

"चिमे, तुझा परवाना खालचा," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "हा सेट समुद्रापलीकडे बोलतो. पूर्ण ताकदीनं चालवायला वरच्या श्रेणीचा परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे आहे. इथं धूळ खात कशाला ठेवायचा?"

चिमी पडदे शिवायची. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत वडील आणि त्यांचा सेट. त्यांचं आजारपण तिनं एकटीनं काढलं होतं. त्यांना सोबत म्हणूनच तिनं खालचा परवाना काढला. दादा विजेचा इंजिनिअर आणि हौशी रेडिओ मंडळाचा अध्यक्ष. तो दवाखान्यात यायचा ते डॉक्टरांना शहाणपण शिकवायला.

"मग मी वरची परीक्षा देते," ती म्हणाली.

दादा हसला. तेही टेम्पोवाल्याकडे बघून, ते तिला जास्त झोंबलं. "अगं, फ्यूज उडाला तर तू शेजाऱ्याला हाका मारतेस!"

तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. टेम्पो रिकामा गेला.

बोलून तर गेली, पण पुस्तक उघडलं आणि तोंडचं पाणी पळालं. डेसिबल समजायचं तर लॉगरिदम हवं, आणि लॉगरिदमशी तिचं शाळेतच बिनसलेलं. मग तिनं मशीन चालवता चालवता प्रश्नोत्तरं पाठ केली. परीक्षेत प्रश्न फिरवून आले. ती नापास झाली.

मंडळाच्या बैठकीत दादानं घसा खाकरून सांगितलं, "आपल्या एका भगिनीचा प्रयत्न हुकला. सगळ्यांनाच झेपतं असं नाही." पंधरा-वीस माना तिच्याकडे वळल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिच्या दुकानासमोर मोटार वाइंडिंगवाला बसायचा. पाण्याच्या पंपांच्या जळक्या मोटारी उकलायच्या आणि नव्या तारेनं भरायच्या, हे त्याचं काम. माणूस एक नंबरचा तुसडा, पण तारा आणि कॉइल कोळून प्यालेला. चिमी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पडदेवाल्यांचं इथं काय काम?"

"वरचा परवाना काढायचाय. भावाच्या नाकावर टिच्चून."

"भाऊ कोण?"

तिनं सांगितलं. त्यानं पक्कड खाली ठेवली. कधीकाळी एका पंपावरून दादानं त्याला भर दुकानात चोर म्हटलं होतं.

"बसा," तो म्हणाला.

शिकवायचा म्हणजे पाणउताराच करायचा. "पाठ काय करता? पोपट आहात का?" तो तिच्या हातात तार द्यायचा, कॉइल गुंडाळायला लावायचा, मग सगळी उकलायला लावायचा. बोटं कापली, व्हार्निशच्या वासानं डोकं चढलं. पण वेढे वाढवले की कॉइलचा सूर, म्हणजे ती ज्या फ्रिक्वेन्सीला लागते ती, खाली येतो, हे आधी हातांना कळलं आणि मग कागदावरचं सूत्र तिच्याशी बोलायला लागलं. एकदा तिचं गणित चुकलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचा भाऊ बरोबरच बोलतो." तिनं कॉइल त्याच्या टेबलावर आपटली आणि तडक निघून आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. तीच कॉइल, तेच गणित मांडून ठेवलेलं. दोघांनी एकमेकांना कधी चहा विचारला नाही.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली, अगदी काठावर.

"काठावर? जरा लाज वाटू द्या," वाइंडिंगवाला म्हणाला आणि त्यानं मोटारीत डोकं घातलं.

दादाचा फोन आला. "हल्ली पेपर सोपे काढतात म्हणे." तिनं फोन आपटला.

रविवारी सकाळी मंडळाचे सभासद रेडिओवर जमायचे. अध्यक्षानं एकेकाला त्याच्या संकेतनावानं पुकारायचं, स्वागत करायचं, ही रीत. चिमीनं वडिलांचा सेट पहिल्यांदाच पूर्ण ताकदीनं लावला. मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसताना तिला वडिलांची फार आठवण आली, पण तिनं ती बाजूला सारली. आज तिला भांडायचं होतं.

तिचं संकेतनाव आलं. दादानं घसा खाकरला. "वरच्या श्रेणीत आपलं स्वागत आहे. माझा आवाज कसा येतोय?"

आवाज इतका स्वच्छ होता, की जणू दादा समोरच्या स्टुलावर बसलाय.

तिनं माइकचं बटण दाबलं. "फार खरखर आहे हो, अध्यक्ष. निम्मं कळलंच नाही. पुन्हा सांगता?"

सगळं मंडळ ऐकत होतं. दादानं दात-ओठ खात तिचं पुन्हा स्वागत केलं.