स्वल्पविराम चुकला, पण मी खाली बसले नाही

मंडळी, आज हिंगणघाटच्या इंग्रजी क्लासमध्ये माझं हसं झालं. तरी सांगतेच.

माझं वय बेचाळीस. जवळच्या जाम गावच्या चौकात आमचं कापडाचं दुकान आहे. क्लासमध्ये बाकी सगळी कॉलेजची पोरं. सरांनी आज माझं लिखाण मोठ्यानं वाचलं: ‘आय ओपन्ड द शॉप, माय हजबंड वॉज स्लीपिंग.’ मग म्हणाले, "काकू, स्वल्पविराम म्हणजे मीठ नाही, वाटेल तिथं भुरभुरवायला." सगळा वर्ग हसला.

पण मी उठून उभी राहिले. "सर, चुकलं असन. पण काऊन चुकलं ते सांगा."

"ते पुढच्या महिन्यात येईल."

"नाई, आत्ताच सांगा. तोवर मी बसत नाई."

शेवटी सरांनी खडू उचलला. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत. मध्ये ‘अँड’ घाला, नाहीतर पूर्णविराम द्या. एवढंच! मी फळ्याशी जाऊन वाक्य दुरुस्त केलं. हसणारी पोरंही मुकाट्यानं उतरवून घेत होती.

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "लोकं हसून राह्यले तं सोड न तो क्लास."

"काऊन सोडू? न चुकता इंग्रजी येत असतं तं क्लासले गेलीच कायले असती?"

उद्या मी पहिल्या बाकावर बसणार आहे आणि आणखी विचारणार आहे. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आता तुम्ही सांगा, कोणी हसलं म्हणून तुम्ही काय शिकायचं सोडून दिलंत? आणि ते परत सुरू करायला कोणाची परवानगी लागते?