सॉकेटजवळची खुर्ची : ताईच्या इंटरव्ह्यूसाठी कुवेतमधले कॅफे

लोक कुवेतला नोकरी शोधायला जातात. मी गेले ते खुर्ची शोधायला. पाठीमागे भिंत, हाताशी सॉकेट, बरं वायफाय आणि तासभर कुणी उठवणार नाही, एवढ्याच अटी होत्या. त्या एवढ्याशा अटींनी मला आणि माझ्या ताईला आठवडाभर कसं पळवलं, त्याची ही हकिकत. तिकडे लॅपटॉप घेऊन जाणार असाल तर उपयोगी पडेल, आणि नुसतंच वाचणार असाल तर आमच्यावर हसायला हरकत नाही.

झालं असं, की एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला वाटलं कुणी आजारी आहे. म्हणाली, "पुण्याच्या एका फर्ममध्ये अकाउंट्सची नोकरी आहे, घरून करायची. दोन फेऱ्या झाल्या. शेवटचा इंटरव्ह्यू दोन आठवड्यांनी शुक्रवारी, व्हिडिओवर. तू ये." लग्न होऊन कुवेतला गेल्यापासून ताईने नोकरी केलेली नाही. जाण्याआधी ती एका सीएच्या ऑफिसात होती, आणि तिथले साहेब तिला विचारल्याशिवाय सही करत नसत. ही नोकरी मिळाली नाही तर पुन्हा अर्ज करायची हिंमत आपल्यात नाही, असं ती फोनवर दोनदा म्हणाली.

"मी येऊन काय करू? उत्तरं सांगू?"

"जागा शोध. तू पुण्यात कॅफेतच पडलेली असतेस ना? आयुष्यात एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे."

अपमान गिळून मी तिकीट काढलं. मी मोबाइल ॲपमधली मराठी लिहिते. 'पुढे जा', 'पुन्हा प्रयत्न करा' वगैरे. त्यामुळे कुठूनही काम करता येतं. व्हिजिट व्हिसा भाऊजींनी ऑनलाइन काढला. (त्या व्हिसावर लॅपटॉप उघडून काम केलेलं चालतं का, हे आपापलं विचारून घ्या. मी थोडी रजा टाकली होती.) मुंबईहून विमान चारेक तासांत पोचतं. उतरल्यावर काचेचा दरवाजा उघडला आणि एप्रिलअखेरचं ऊन असं अंगावर आलं, की मी आपोआप दोन पावलं मागे सरले.

ताई राहते मंगाफला, कुवेत शहराच्या दक्षिणेला. भाऊजी शुऐबाच्या एका कारखान्यात फिटर-फोरमन आहेत. मूळचे गुहागरकडचे, बोलण्यात कोकण, हिंदी आणि अरबी एकाच ताटात वाढलेलं. फ्लॅट दोन खोल्यांचा, आणि तोही शेअरिंगमध्ये, म्हणजे एका खोलीत ताईचं कुटुंब, दुसरीत रत्नागिरीच्या नसीमाभाभींचं, हॉल आणि स्वयंपाकघर दोघांत. नसीमाभाभींना जुळी मुलं आहेत आणि दोघांची रडायची वेळ कधीही जुळत नाही. ताईची आठ वर्षांची इरा दारामागे उभी राहून इंग्रजीत तक्रारी करत असते. अशा घरात बसून कुणाला ताळेबंद समजावायचा म्हणजे कठीणच होतं.

"नसीमाभाभींना सांगितलंस का इंटरव्ह्यूचं?" मी विचारलं.

"वेडी आहेस? नाही झालं तर सगळ्या बिल्डिंगभर होईल. कुणाला सांगायचं नाही."

भाऊजींना मात्र माहीत होतं. ते मला बघून म्हणाले, "या मेव्हणीबाई. म्हणजे आता कॉफी प्यायला तज्ज्ञ आणावा लागला भारतातून. दोन-अडीच दिनार घेतात एका कपाचे! इथे बाजूला कडक चहा मिळतो पाव दिनारला, नि तो माणूस गाडीपर्यंत आणून देतो."

एक दिनार तीनशे रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे भाऊजींचं दुःख समजेल. आणि गाडीपर्यंत आणून देतो हे खरं आहे. कुवेतमध्ये दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की माणूस बाहेर येतो. चहा, पाणी, चिप्स, सगळं खिडकीतून. मी पहिल्या दिवशी यावर बरंच हसले. उठून चार पावलंही न चालणारे लोक, असं काहीतरी मी म्हणालेसुद्धा.

पहिली मोहीम फहाहीलच्या समुद्रकिनाऱ्यावर. मंगाफपासून टॅक्सीने दहा मिनिटं. कॅफेची काच जमिनीपासून छतापर्यंत, समोर निळं पाणी. फोटोला झकास, कामाला निरुपयोगी. ऊन सरळ स्क्रीनवर येत होतं आणि सॉकेट फक्त काउंटरमागे होता. ताईने पिशवीतून डबा काढला.

"ताई! कॅफेत पोळी-भाजी?"

"मग? अडीच दिनारची कॉफी घेतली ना? त्यात बसायची जागा आली, मग डबा का नाही?"

कॉफी संपल्याबरोबर ती उठायला लागली. कप रिकामा झाला की जागा सोडायची, असं तिचं पक्कं मत. मी तिला शिकवलं की शेवटचा घोट तासभर ठेवायचा असतो. ती म्हणाली, याला आपल्याकडे दुसरं नाव आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने कुवेत शहरात गेलो. बस स्वस्त आहे, एसी आहे, फक्त दुपारी स्टॉपपर्यंत चालायचा विचार करू नका. शार्क भागात नव्या पद्धतीचे कॅफे गल्लोगल्ली आहेत. करड्या भिंती, पाटासारखे बसके स्टूल, आणि कॉफी देणारा मुलगा बिया कुठल्या डोंगरावरच्या ते सांगतो. वायफाय उत्तम. ताईला भिंतीजवळ बसवून मी कॅमेऱ्याची चाचणी घ्यायला लॅपटॉप वळवला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या काळा पायघोळ अबाया घातलेल्या बाई हसून इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा, आम्ही दिसतोय का त्यात?"

मी घाईने लॅपटॉप मिटला. इथे कुणाच्या, विशेषतः बायकांच्या, दिशेने कॅमेरा धरणं वाईट समजतात. वाचकांनी हे नक्की लक्षात ठेवावं: पाठ भिंतीला, कॅमेऱ्यात भिंतच. त्या बाईंनी मात्र नंतर आमच्या टेबलावर खजुराची बशी पाठवली. ताईने परतफेड म्हणून डब्यातल्या नारळाच्या वड्या पाठवल्या. मग दोन्ही टेबलं एकमेकांत मिसळली आणि ज्या शांततेसाठी आम्ही तिथे गेलो होतो तिचं काही खरं राहिलं नाही.

तिसरा दिवस शहराजवळच्या सालमियात. एका जागी संगीत मोठं, एका जागी कोपऱ्यातल्या चांगल्या जागा 'फॅमिली'साठी राखीव. आम्ही बहिणी, म्हणजे फॅमिलीच, पण लॅपटॉप बघून वेटर गोंधळला. शेवटी जागा सापडली ती घरापासून दहा मिनिटांवर, फहाहीलच्या मागच्या एका गल्लीत. छोटा कॅफे, मालक लेबनॉनचा, पाठीमागे कोरी भिंत, हाताशी सॉकेट. सकाळी चिटपाखरू नाही. मी मालकाला सांगितलं, बहिणीचा इंटरव्ह्यू आहे. तो म्हणाला, "टेबल तुमचं. संगीत बंद ठेवतो." ताईने तिथल्या तिथे डोळे पुसले आणि मग मीठ जास्त झाल्याची तक्रार करावी तशा आवाजात म्हणाली, "वायफाय जरा हळू वाटतंय."

त्या टेबलावर आम्ही सराव केला. मी साहेब झाले. "मॅडम, इतकी वर्षं तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. घरीच होते."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. ती देश सोडून गेली तेव्हा जीएसटी आला नव्हता. तो सगळा तिने मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून, भाजी परतता परतता शिकून घेतला. परीक्षा दिल्या, पास झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा हिशेब दरवर्षी तीच करते. आणि विचारलं तर 'काही नाही'. मी म्हणाले, "पुन्हा सांग." तिने पुन्हा तेच सांगितलं, फक्त अजून हळू.

शुक्रवार. इंटरव्ह्यू भारतात दुपारी दोनला, म्हणजे कुवेतमध्ये साडेअकराला. ताईने इस्त्रीचा कुडता घातला. भाऊजींना सुट्टी, म्हणून त्यांनी गाडी काढली. इराला शेजारी ठेवून आम्ही अर्धा तास आधी कॅफेसमोर पोचलो. शटर खाली होतं, आणि त्यावर पाटी: शुक्रवारी दुपारी एकनंतर.

मी आणि ताई पाटीकडे बघत राहिलो. भाऊजी आमच्याकडे.

"अगो, आज जुम्मा. नमाज होईपर्यंत छोटी दुकानं उघडतात होय कुठे? इतकी वर्षं काढली इथे तू!"

"शुक्रवारी सकाळी मी कधी घराबाहेर पडलेय?" ताई ओरडली. "शुक्रवारी सकाळी मी मटण करते! तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी? तज्ज्ञ होता ना घरात."

तज्ज्ञ म्हणजे मी. आठवडाभर मी वायफायचा वेग मोजला, सॉकेट मोजले, पण वार बघितला नाही, मालकालाही सांगितला नाही. भारतातला शुक्रवार डोक्यात ठेवून मी कुवेतमध्ये हिंडत होते. किनाऱ्यावरचा मोठा कॅफे उघडा होता, पण तिथे नाश्त्याला अख्खी खानदानं उतरलेली. ताई पायरीवर बसली आणि म्हणाली, "राहू दे. त्यांना कळवते, नाही जमत म्हणून."

भाऊजी एकदम चिडले. "कळवते काय? यल्ला, गाडीत बस."

त्यांनी गाडी अहमदीकडे घेतली. तेल कंपनीने वसवलेलं हे जुनं गाव, बैठी घरं आणि रस्त्याकडेला झाडं. कुवेतमध्ये झाडांची सावली म्हणजे चैनच. एका शांत रस्त्यावर मोठ्या झाडाखाली त्यांनी गाडी लावली.

"इथे रेंज चांगली आहे," ते म्हणाले. "लग्नाआधी तुझ्याशी बोलायला मी इथेच यायचो, बस करून. रूमवर आम्ही आठ जण, फोन लावला की सगळे कान देऊन ऐकायचे."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. पण रमायला वेळ नव्हता.

ताई मागच्या सीटवर, मांडीवर इराचं दप्तर, त्यावर लॅपटॉप. मी पुढच्या सीटवर मुटकुळं करून, दिसू नये म्हणून. नेट भाऊजींच्या फोनवरून. तो गाडीबाहेर जास्त चांगला चालतो असं त्यांनी ठरवलं आणि फोन काचेला लावून ते उन्हात उभे राहिले. सुरू झाल्याबरोबर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मागे कसला तरी आवाज येतोय." तो एसीचा होता. ताईने मला खूण केली. मी एसी बंद केला. पाच मिनिटांत आम्ही दोघी इडल्या झालो.

जीएसटीचे प्रश्न झाले, ताळमेळाचे झाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडीत बसला आहात का?"

मी सीटवर आणखी खाली सरकले. ताई घाम पुसत म्हणाली, "हो. माझ्या घरात दोन कुटुंबं राहतात, म्हणून कॅफे शोधला होता. आज शुक्रवार, तो बंद निघाला. एसीचा आवाज येत होता म्हणून तोही बंद केलाय. मिस्टर बाहेर फोन धरून उभे आहेत. पण मी वेळेवर हजर आहे, मॅडम. रिटर्नसुद्धा वेळेवर भरीन."

पलीकडून हसू ऐकू आलं. "आणि मधली वर्षं?"

"नोकरी नव्हती. शिकत होते," ताई म्हणाली. यावेळी आवाज बारीक नव्हता.

संपल्यावर आम्ही दारं उघडून बाहेर पडलो. भाऊजींचा शर्ट पाठीला चिकटला होता. जवळच्या एका दुकानासमोर, ते उघडल्यावर, त्यांनी हॉर्न दिला आणि तीन कडक चहा मागवले. मी गाडीत बसून, खिडकीतून हात काढून, तो चहा घेतला. पहिल्या दिवशीचं माझं बोलणं कुणी काढलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

संध्याकाळी ताईने नसीमाभाभींना सांगून टाकलं. भाभी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं बाय, मला सांगायचं ना! मी पोरांना घेऊन खाली गेले असते. एवढ्यासाठी गाव पालथं घातलंत?" शार्क, सालमिया, फहाहील, इतक्या दिनारची कॉफी, आणि जागा मिळायला फक्त शेजारच्या खोलीचं दार वाजवायचं होतं.

मी परत येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही जाणार असाल तर फहाहीलच्या मागच्या गल्ल्या बघा, शार्कमधली कॉफी प्या, शुक्रवारी सकाळी झोपा. माझ्याजवळ काय उरलं म्हणाल तर काचेला फोन लावून उन्हात उभा असलेला एक माणूस. मी त्यांना नेहमी कंजूष म्हणायचे.

ताईला नोकरी मिळाली. सकाळी नसीमाभाभी मुलांना खाली नेतात, काम आटोपल्यावर दुपारी ताई जुळ्यांना सांभाळते.

परवा मी इथे कोथरूडच्या कॅफेत काम सोडून सहज तिला फोन लावला. लग्न झाल्यापासून तिने माझा फोन पहिल्या रिंगला उचलला नाही, असं झालेलं नाही. या वेळी तो वाजून वाजून बंद पडला. मग मेसेज आला: "कामात आहे. काही महत्त्वाचं आहे का?"

मला जरा वाईट वाटलं. मग मी लिहिलं, "नाही गं, काहीच नाही," आणि मीही लॅपटॉप उघडला.