मोराच्या दिव्यांची जोडी

आमच्याकडे पाटे-वरवंटे घडवायचे. घरोघरी मिक्सर आले तसं गिऱ्हाईक तुटलं, आणि बाबा काळ्या दगडाचे दिवे करू लागले. खाली कमळ, वर तेलाची खोलगट वाटी, मागे पिसारा उघडलेला मोर. एका दिव्याला चार-पाच दिवस जायचे. नवरात्रात आई केळापूरला देवीपुढच्या गर्दीत ते मांडून बसायची. कापूस पिकला असला की लोक मुलीला लग्नात द्यायला जोडी न्यायचे.

मग बोंडअळीची वर्षं आली. एका नवरात्रात आम्ही नेलेले सगळे दिवे तसेच परत आणले. बाबा तरी घडवतच राहिले. ओसरीत जागा उरली नाही, तेव्हा माझ्या खाटेखाली सरकवू लागले.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी एक बाई आली. मुलीच्या लग्नासाठी तिनं वर्षापूर्वी जोडी नेली होती. तीच आता फडक्यात बांधून आणली होती.

"पोरीचं लगन मोडलं," ती बाबांना म्हणाली. "कापूस गेला, तर पोराकडचे म्हणे राहू द्या आता. हे घ्या अन् मले एक पाटा द्या. मिक्सर इकला आम्ही."

बाबांकडे पाटा नव्हता. तीन वर्षांत त्यांनी एकही घडवला नव्हता.

"मंग ह्याचाच करून द्या. मोर काढून टाका."

"नाही होत, बाई. दगड कमी करता येते, वाढवता नाही येत."

ती उठेना. शेवटी आई आत गेली. लग्न झाल्यावर बाबांनी तिच्यासाठी घडवलेला आमचा पाटा तिनं धुतला आणि वरवंट्यासकट त्या बाईपुढे आणून ठेवला. पाटा उचलून मी बाईसोबत बसथांब्यापर्यंत गेले. वाटेत तिनं विचारलं, "तुयं झालं काय लगन?"

"नाही."

थांब्यावर तिनं पाटा माझ्याकडून घेऊन पायाशी ठेवला.

घरी आले तर बाबा त्या जोडीसमोर बसलेले. "म्या घडवलेलं आजवर कोणी वापस नव्हतं आणलं," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात ते वणीच्या रस्त्यावरच्या क्रशरवर कामाला लागले. आमचाच काळा दगड तिथे गिट्टी होऊन पडायचा. एकदा मी डबा घेऊन गेले, तर धुळीनं माखलेल्या माणसांत मला ते ओळखूच आले नाहीत. त्यांनीच हाक मारली. दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"काहून?"

त्यांनी डबा बंद करून माझ्या हातात दिला आणि कामावर परत गेले.

सात वर्षं ते तिथे होते. खोकल्यानं धरल्यावर घरी बसले. माझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, "बाबा, खाटेखालचे नको, माझ्यासाठी तरी एक नवा दिवा करा."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि मुठी वळून दाखवायला लागले. बोटं अर्ध्यातच अडत होती.