अंकात शिवलं गेलेलं पान

दाभणानं कागद शिवताना मी कागद वाचत नाही, बोटं सांभाळतो. घोळ झाला तो त्यामुळेच.

झाशीतल्या आमच्या मराठी घरांतली मुलं मराठी ऐकायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. म्हणून दर रविवारी मी बैठकीत त्यांचा लेखनाचा वर्ग घ्यायचो. खरं लिहायचं, हिंदी आलं तर येऊ द्यायचं, आणि जे दाखवायचं नसेल त्यावर ‘अंकात नको’ लिहून माझ्याकडे द्यायचं, असं मीच ठरवून दिलेलं. गणपतीत बाकीच्या पानांचा हस्तलिखित अंक मी शिवायचो आणि मग तो एकेक दिवस घरोघर फिरायचा.

एका सकाळी लक्ष्मी गेटजवळ राहणारी आमची विद्यार्थिनी सायकल धरून दारात उभी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती.

"काका, अंक काल सगळ्यांत आधी आमच्याकडेच आला. माझं ते पान त्यात आहे."

"कुठलं?"

"दम्याचं."

ग्वाल्हेरचे लोक तिला बघायला आले होते, तेव्हा तिनं मुलाच्या आत्याला स्वयंपाकघरात हळूच खोटंच सांगितलं होतं, मला दमा आहे. लग्न ठरलं की कॉलेज सुटणार होतं, म्हणून. पुढे पत्रिका जुळत नाही असा निरोप आला आणि तिचे वडील पत्रिका करणाऱ्या पंडितजींवर रुसले. हे सगळं तिनं लिहिलं होतं. ते पान मी जपून ठेवलं होतं, म्हणजे अंकाच्या पानांच्याच गठ्ठ्याखाली.

"बाबांची पूजा झाली की ते वाचायला बसतील," ती म्हणाली. "मग कॉलेज बंदच समजा."

स्कूटर ऐन वेळी रुसली. शेवटी ती सायकलवर पुढे आणि मी मागे धावत. दमा कुणाला आहे, हे बघणाऱ्याला सांगावं लागलं नसतं.

वडील ओसरीवर बसलेले, मांडीवर अंक.

"आइए, या. तुमचाच अंक वाचतोय."

त्यांनी पान उलटलं. ‘अंकात नको’ या शब्दांवर बोट थांबलं, मग ओळीओळीनं खाली सरकू लागलं. मी पाणीही मागितलं नाही. ती दाराला टेकून उभी होती.

"हे हिनं लिहिलंय?"

"काल्पनिक आहे," मी म्हणालो. "विषय मीच दिला होता."

"काल्पनिक नाही, बाबा," ती म्हणाली. "आत्याबाईंना मीच सांगितलं. मला परीक्षा द्यायची होती."



"आणि मी त्या पंडितजींशी बोलणं टाकलं," वडील म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

त्यांनी आतून ब्लेड आणलं, शिवण सोडवली, ते पान काढून घडी करून खिशात ठेवलं आणि अंक माझ्या हातात दिला.

"हे घराबाहेर जाणार नाही," ते मला म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "कॉलेजला उशीर होतोय ना? मग उभी काय राहिलीस?"

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, धावणं जरा वाढवून. तिनं निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली.

"मुलांना दर रविवारी खरं लिहा म्हणून सांगता," ती म्हणाली, "आणि वेळ आली तेव्हा खोटं बोललात तुम्ही. येत्या रविवारी वर्ग त्या मुलीला घेऊ द्या. तुम्ही मुलांत बसा."