सावकाश म्हणायचं नाही अशी जागा

"अहो, सावकाश!" धाकटी जाऊ कठड्यावरून ओरडली आणि वळणावर माझ्या दिराने वेग कमी केला. त्याची सायकल उतारावरून घसरली. मागून येणारा माझा नवरा त्याच्यावर आदळला.

शर्यतीचा तो ट्रॅक कढईसारखा होता, कडेने चढ आणि मध्ये खोलगट. सायकलींना ब्रेक नसायचे. चढावर माणूस टिकायचा तो फक्त वेगामुळे. म्हणून आमच्यातल्या बायका नवऱ्याला निघताना "जोरात जा" म्हणायच्या. जाऊ नवी होती, तिच्या माहेरी सायकलसुद्धा नव्हती. तिला भीती वाटली, तशी ती बोलली.

आता तिथे इमारती आहेत. आज सकाळी एका फाटकातून एक बाई स्कूटरवरच्या नवऱ्याला म्हणाली, "सावकाश जा हं."

"अगं, रोज काय तेच?"

"मग रोज नीट जात जा."

मला तिथे उभं राहवेना. घराकडे निघाले, परत फिरले, पुन्हा निघाले. काळजी तीच, शब्दही तेच. एका जमिनीवर माणूस त्या शब्दांनी वाचतो, दुसऱ्या जमिनीवर मरतो, आणि बोलणारीला आधी कळत नाही.

त्या दिवशी माझा नवरा गेला. दीर जगला, जाऊ जगली आणि मीही जगले.