रूपजीदादांचा उशीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट कळत नाही.

डहाणूतल्या एका लहान लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. तळासरीकडच्या एका पाड्यावरचे रूपजीदादा बायकोच्या, मंगलीताईंच्या, तपासण्यांसाठी आमच्याकडे यायचे. ताईंना पोटाचा कॅन्सर होता, लिव्हरपर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी केमो सुरू केलं आणि पोटातून काढलेल्या तुकड्याची आणखी एक तपासणी लिहून दिली — हर-टू. ती पॉझिटिव्ह आली, तर केमोच्या जोडीला एक वेगळं इंजेक्शन देता येतं. आजार जास्त दिवस आटोक्यात राहू शकतो. तुकडा आमच्याकडेच होता, मेणात बसवलेला. तो मुंबईला पाठवायचा, एवढंच माझं काम.

डॉक्टरांची चिठ्ठी आमच्याकडे आणायला रूपजीदादांना दोन दिवस उशीर झाला. भाताची कापणी चालू होती. मी तुकडा पाकिटात घातला, पाकीट खणात ठेवलं — आणि विसरले. गर्दी होती का? नव्हती.

ते दोनदा विचारून गेले. दोन्ही वेळा मी न बघताच म्हटलं, "मुंबईहून यायचाय." पाच आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा खण उघडला आणि पाकीट मुंबईला पाठवलं.

रिपोर्ट आला तो पॉझिटिव्ह. हातात देताना रूपजीदादांनी विचारलं, "एवढा वेळ कसा लागला, ताई?"

'मी विसरले' — दोनच तर शब्द. मी म्हणाले, "चिठ्ठी तुम्हीच उशिरा आणलीत ना? मग तिकडे नंबर मागे जातो." डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

त्यांनी कागदाची घडी घातली. "हां. म्हणजे माझंच चुकलं."

इंजेक्शन सुरू झालं. मंगलीताई पुन्हा जेवू लागल्या, अंगणात येऊन बसू लागल्या. वर्षभराने गेल्या. ते पाच आठवडे हातात असते तर — काही फरक पडला असता? डॉक्टरांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

परवा रूपजीदादा पुतणीचं रक्त तपासायला आले होते. बाकावर शेजारी एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बसली होती. उद्या देते म्हणत होती. तिला ते हळू आवाजात समजावत होते, "आजच दे, बाय. मी दोन दिस उशीर केला, तं माझी बायको गेली."

मला सगळं ऐकू आलं. ती बाई उठून काउंटरवर आली. मी तिची चिठ्ठी घेतली आणि पुढचं नाव पुकारलं.