दाभण कुठल्या गादीत

गादीवाल्याला झोप येत नव्हती असं नाही. झोप बिचारी रोज वेळेवर यायची, दारात उभी राहायची आणि हा तिला आल्या पावली परत पाठवायचा.

मुलींच्या नव्या वसतिगृहाच्या गाद्या भरायचं काम मिळालं तेव्हापासून तर कहरच झाला. आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही नाही म्हणवेना. मग काय, रात्रीचा दिवस. बायको म्हणाली, शरीर आहे, कापूस नव्हे, किती पिंजाल? त्यावर हा ऐटीत सांगायचा की झोप हा रिकामटेकड्यांचा धंदा. लोकांच्या झोपेवर पोट भरणाऱ्या माणसाने हे बोलावं, याचं गल्लीला कोण हसू.

सुरुवातीला गंमतच होती. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, तर तो घटाघटा पिऊन म्हणाला, आज चहा बरा जमलाय. मग गंमत ओसरली. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. सायकलवाल्याने नुसती घंटी वाजवली तर हा भांडायला धावला. डोकं जड, छातीत धडधड, भूक भलत्याच वेळी. बायकोने डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी वाढलेला रक्तदाब पाहून विचारलं, झोपता किती? हा म्हणाला, "तसं म्हणाल तर उभ्या उभ्या बरंच होतं."

गाद्या मात्र वेळेवर पोचल्या. मुली संध्याकाळी येणार होत्या आणि हा सकाळीच सगळं उतरवून दुकानात परतला. नवी खोळ शिवायला घेतली आणि हात जागीच थांबला. गाद्यांची तोंडं शिवायचं लांबलचक दाभण जागेवर नव्हतं. दुकान पालथं घातलं. आदल्या रात्री शेवटचा टाका कधी घातला ते आठवायला गेला, तर डोक्यात नुसतं धुकं.

"गादीत राहिलंय," तो खाली बसत म्हणाला. "एखाद्या पोरीच्या पाठीत गेलं तर?"

बायकोने दुकानाला कुलूप लावलं. "बसताय काय? चला."

वसतिगृहाच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सगळ्या गाद्या उसवायच्या तर संध्याकाळपर्यंत पुन्हा शिवून होणार नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. गादीवाला म्हणाला, काळजी नको, कापसात सरकीचा एक दाणा राहिला तरी माझ्या बोटांना समजतो. आणि तो चाचपत सुटला.

पहिल्याच गादीत काहीतरी लागलं. उसवून सगळा कापूस बाहेर काढला, तर निघाली कापसाची गाठ. पुढच्या गादीत काहीच लागेना. त्यापुढे सगळ्याच टोचायला लागल्या. बोटांना जणू मोजे चढवले होते. बायकोने त्याचा हात गादीवरून उचलला.

"बोटं झोपलीत तुमची."

"बोटं कशी झोपतील?"

"मालक झोपत नाही म्हटल्यावर त्यांनी तरी काय करावं?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी उसवलेल्या गादीकडे बोट दाखवलं. "हिच्यात दाभण नाही, हे तर नक्की झालं ना? भरा कापूस आणि पडा हिच्यावर. मी उठवते."

"अहो बाई, मुली यायच्यात."

"म्हणूनच सांगतेय."

बायकोने कापूस भरला, बाईंनी पडदा ओढला. पाठ टेकल्याचंही त्याला पुढे आठवलं नाही. असा घोरला की खालून स्वयंपाकीण विचारायला आली, पाण्याचा पंप कुणी चालू ठेवलाय का?

बाईंनी हाक मारली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर गेलं होतं. छताला फिका पिवळा रंग आहे हे त्याला आत्ता दिसलं. डोकं पिसासारखं हलकं. तोंडावर पाणी मारून तो पुन्हा कामाला लागला, पण घाई न करता, डोळे मिटून, तान्ह्या बाळाची पाठ थोपटावी तसा. खिडकीजवळच्या गादीच्या कोपऱ्यात हात थबकला.

"इथे."

"नक्की?" बायकोने विचारलं.

त्याने थोडे टाके उसवले, दोन बोटं आत घातली आणि दोऱ्याच्या शेपटीसकट दाभण बाहेर ओढलं. बाई मटकन खाटेवर बसल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

दोन्ही गाद्यांची तोंडं शिवून होतात न होतात तोच जिन्यावर पावलं धडधडली. मुली आल्या त्या थेट गाद्यांवर उड्या मारायला लागल्या. एरवी 'शिवण उसवेल' म्हणून तो खेकसला असता. आज भिंतीला टेकून हसत राहिला.

"तुम्हाला कशी वाटली गादी?" बाईंनी विचारलं.

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याने मान दोन्हीकडे वळवून पाहिली.

"झकास. फक्त मानेखाली जरा कडक भरलीय."

बायकोने डोळे बारीक केले. "मग आज रात्री बसणार वाटतं सैल करायला?"

"छे," तो म्हणाला. "उद्या बघू. तेही जाग आल्यावर."